कॅमरीच्या इंजिनातलं डांबर : दोष गाडीचा की मालकाचा?

अमेरिकेत १९९७ ते २००२ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या सुमारे ३३ लाख टोयोटा आणि लेक्सस गाड्यांच्या इंजिनांना २००२ मध्ये कंपनीने विक्रीच्या तारखेपासून आठ वर्षांचं जादा संरक्षण दिलं. कारण असं की या इंजिनांत ऑइल घट्ट होऊन त्याचा काळा गाळ साचत होता आणि पुढे इंजिनच जात होतं. तोवर कंपनीकडे आलेल्या तक्रारी होत्या सुमारे ३,४००. म्हणजे हजार गाड्यांमागे एक. ज्या कंपनीचं नाव अमेरिकन माणूस भरवशाला दुसरा शब्द म्हणून घेत होता, तिच्या सर्वांत खपणाऱ्या गाडीवर ही वेळ आली होती. १९९७ ते २००० अशी सलग चार वर्षं कॅमरी ही अमेरिकेतली सर्वाधिक विकली गेलेली कार होती.

'कुठली कंपनी चांगली?' असं कोणी विचारलं की मला हेच प्रकरण आठवतं. या प्रश्नाची दोन तयार उत्तरं असतात. एक पक्ष म्हणतो, सगळं कंपनीवर आहे, अमुक घ्या आणि निश्चिंत राहा. दुसरा म्हणतो, गाडी कुठलीही असो, राखली तर टिकते. कॅमरीच्या या इंजिनांनी दोन्ही उत्तरं अपुरी ठरवली, आणि कोर्टकचेरी झाल्यामुळे दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं नीट मांडावं लागलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

कोणती इंजिनं आणि काय होत होतं

इंजिनं दोन. पहिलं ५एस-एफई, २.२ लिटरचं चार सिलिंडरचं, कॅमरी, सोलारा आणि सेलिका या गाड्यांतलं. दुसरं १एमझेड-एफई, ३ लिटरचं व्ही-६. ते कॅमरी आणि सोलाराच्या महागड्या आवृत्त्यांत, अ‍ॅव्हलॉनमध्ये, सिएना या मिनीव्हॅनमध्ये, हायलँडरमध्ये आणि लेक्ससच्या ईएस ३०० व आरएक्स ३०० मध्ये होतं. दोन्ही इंजिनं मुळात कच्ची नव्हती. यातली कित्येक दोन-दोन लाख मैल धावली. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून ती भंगार होती असा समज व्हायला नको.

त्रास सुरू व्हायचा तो बेताबेताने. सकाळी गाडी चालू केली की निळसर धूर. दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल कमी व्हायचं. मग कधीतरी सिग्नलला उभं असताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायचा आणि वेग घेतला की विझायचा. इथे थांबून कोणी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं तर कॅमशाफ्टच्या भोवती काळा, जाड, चमच्याने खरवडावा लागेल असा थर दिसायचा. आपल्याकडचे मेकॅनिक अशा वेळी 'ऑइलचं डांबर झालंय' म्हणतात. तोच गाळ खाली चेंबरमध्ये उतरून ऑइल पंपाच्या स्ट्रेनरवर बसतो. स्ट्रेनर म्हणजे एक बारीक जाळी. ती झाकली गेली की पंप कितीही फिरला तरी वर ऑइल पोचत नाही. क्रँकच्या बेअरिंगा कोरड्या पडतात, नॉकिंगचा आवाज येतो, आणि त्यानंतर इंजिन बांधण्यापलीकडे काही उरत नाही. अमेरिकेत हा खर्च काही हजार डॉलरच्या घरात जायचा. पाच-सहा वर्षं जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने तो फार मोठा होता.

ऑइलचं डांबर होतं कसं

इथे जरा रेंगाळतो, कारण सगळा वाद याच रसायनाच्या पोटात आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तितकंच, म्हणजे लिटरभर, पाणी तयार होतं. जवळजवळ सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण पिस्टनच्या रिंगा शंभर टक्के हवाबंद नसतात. जळलेल्या वायूंचा थोडा भाग रिंगांच्या फटीतून खाली, क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या भागात, उतरतो. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. हे सगळं ऑइलमध्ये मिसळलं आणि तिथेच राहिलं की ऑइल आंबट होतं, म्हणजे त्यात आम्लं तयार होतात. उष्णतेने ऑइलचं ऑक्सिडेशनही चाललेलंच असतं. कण एकमेकांना चिकटून मोठे होत जातात.

याच्याशी झुंजायला दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे ऑइलमधली रसायनं. त्यांतली काही आम्ल मारतात, काही काजळी आणि घाणीचे कण सुटे सुटे तरंगत ठेवतात. ती झिजत जातात, संपतात. ऑइल बदलणं म्हणजे खरं तर ही रसायनं पुन्हा भरणं. नुसतं काळं झालं म्हणून ऑइल वाईट नसतं. काळं होणं म्हणजे ते घाण धरून ठेवण्याचं काम करतंय. वाईट तेव्हा, जेव्हा घाण धरून ठेवण्याची त्याची ताकद संपते आणि ती धातूवर बसू लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रीदर. क्रँककेसमधली वाफ आणि वायू एका व्हॉल्व्हमधून ओढून पुन्हा इनटेकमध्ये जाळायला पाठवायची ही व्यवस्था. ती मोकळी असेल तर ऑइलमधली वाफ निघून जाते. ती अरुंद असेल किंवा चोंदली असेल तर आत कोंडमारा होतो.

आता यात इंजिनाच्या रचनेचा वाटा बघा. चार सिलिंडरच्या ५एस-एफईमध्ये ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास बसतं, व्ही-६मध्ये पावणेपाच लिटरच्या आसपास. ऑइल जितकं कमी तितका प्रत्येक थेंबावर ताण जास्त. व्ही-६ आडवं बसवलेलं, त्यामुळे मागचे तीन सिलिंडर केबिनच्या भिंतीला लागून, हवा कमी मिळणाऱ्या जागी. तक्रारदारांचा आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मेकॅनिक मंडळींचा दावा असा होता की या इंजिनांच्या हेडमध्ये काही भागांत तापमान जरुरीपेक्षा जास्त चढतं, आणि ब्रीदरची वाट अपुरी आहे. कंपनीने हे कधी मान्य केलं नाही.

कंपनीचं म्हणणं

टोयोटाची भूमिका सरळ होती. इंजिनात दोष नाही. ऑइल वेळेवर बदललं नाही की कुठल्याही इंजिनात गाळ होतो. बहुसंख्य प्रकरणांत मालकांनी ठरलेल्या अंतराच्या पुष्कळ पुढे गाडी चालवलेली आढळते.

हे म्हणणं हवेतलं नव्हतं. साध्या वापरासाठी दर ७,५०० मैल किंवा सहा महिने आणि कठीण वापरासाठी दर ५,००० मैल किंवा चार महिने, असं कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. ७,५०० मैल म्हणजे १२,००० किलोमीटर. पंधरा-वीस हजार मैल तेच ऑइल ठेवणारे लोक होते, आणि कुठलाही अनुभवी मेकॅनिक असे दोन-चार मालक सांगू शकेल. त्यातून अमेरिकेत भाडेकरार करून, म्हणजे लीजवर, गाडी घेणं सर्रास चालतं. तीन वर्षांनी गाडी परतच करायची असेल तर तिच्या इंजिनाची काळजी करण्यात त्या माणसाचा फायदा काय? भोग येतात ते ती गाडी जुन्या बाजारात घेणाऱ्याच्या वाट्याला.

वायटूकेच्या, म्हणजे २००० सालाच्या संगणक-दुरुस्तीच्या, लाटेत अमेरिकेला गेलेल्या आपल्या मुलांची पहिली गाडी बहुधा अशीच वापरलेली कॅमरी नाहीतर कोरोला असायची. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं याचा एकही कागद न बघता घेतलेली, कारण टोयोटा म्हणजे बघायचं काय! नावावरच्या या विश्वासाचा या प्रकरणातला वाटा मला फार मोठा वाटतो. लोक हयगय करतात तेव्हा ती सगळ्या गाड्यांच्या बाबतीत सारखी करत नाहीत. ज्या गाडीची धास्ती असते तिला जपतात. जिच्याबद्दल 'हिला काही होत नाही' असं ऐकलेलं असतं, तिच्या ऑइलची तारीख सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते. चांगल्या नावानेच हलगर्जीपणाला अशी मोकळीक मिळते.

मालकांचं म्हणणं

पण दुसऱ्या बाजूला पावत्यांची फाइल घेऊन उभे राहिलेले मालकही होते. त्यांनी ऑइल बदललं होतं, ठरल्या अंतरात बदललं होतं, काहींनी तर कंपनीच्याच डीलरकडे. तरी इंजिनात गाळ निघाला. त्यांना वर्कशॉपमध्ये ऐकावं लागलं की तुम्ही देखभाल केली नाही. इंजिन गेल्याच्या दुःखापेक्षा हा आरोप त्यांना जास्त लागला, आणि मला ते समजतं. इमानाने गाडी सांभाळणाऱ्या माणसाला 'तुम्हीच निष्काळजी' म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

त्यांचा सगळ्यात बिनतोड प्रश्न असा होता. निष्काळजी लोक सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या चालवतात. टोयोटाच्याच दुसऱ्या इंजिनांचे मालकही काही ऋषिमुनी नव्हते. मग गाळाच्या तक्रारी या दोन इंजिनांभोवतीच का गोळा झाल्या?

या प्रश्नाला 'मालकांची चूक' हे उत्तर पुरत नाही. चूक सगळीकडे सारखी वाटलेली असेल आणि परिणाम मात्र ठरावीक ठिकाणी दिसत असेल, तर त्या ठिकाणात काहीतरी वेगळं आहे. याच काळात फोक्सवागन आणि आउडीचं १.८ लिटर टर्बो, साबची चार सिलिंडरची टर्बो इंजिनं आणि क्रायसलरचं २.७ लिटर व्ही-६ याच कारणासाठी बदनाम झाली. नाव निघत होतं ते ठरावीक इंजिनांचं, अख्ख्या कंपनीचं नव्हे. फोक्सवागननेही २००४ मध्ये त्या टर्बोच्या मालकांना आठ वर्षांचं संरक्षण दिलं, पण ऑइल बदलल्याचे पुरावे मागून.

निकाल, आणि पावत्यांचा प्रश्न

२००२ ची टोयोटाची योजना हे रिकॉल नव्हतं. गाड्या परत बोलावून भाग बदलायचा नव्हता. गाळ झाला तरच कंपनी दुरुस्तीचा खर्च उचलणार होती, तोही मालकाने ऑइल बदलण्याचे वाजवी प्रयत्न केल्याचं दाखवलं तर. वर्षभरात निदान एकदा ऑइल बदलल्याचा पुरावा, इतकी ही अट सैल केली गेली. पुस्तिकेत दर सहा महिन्यांनी म्हणणारी कंपनी दाव्याच्या वेळी वर्षातून एकदा चालवून घेत होती. मला यात कंपनीची न बोललेली कबुली दिसते. कायद्याने ती कबुली नाही, हेही खरं.

तरीही पावत्यांवरून भांडणं होत राहिली. घरी स्वतः ऑइल बदलणाऱ्याकडे पावती कुठून येणार? त्याच्याकडे फार तर ऑइलच्या डब्यांचं आणि फिल्टरचं दुकानातलं बिल. रस्त्याकडेच्या झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानातल्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर असेलच असं नाही. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्यानुसार आमच्याच डीलरकडे किंवा आमच्याच छापाचे भाग वापरून सर्व्हिसिंग केलं तरच वॉरंटी चालेल, अशी अट कंपनीला घालता येत नाही, ती सेवा फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे घरी ऑइल बदललं म्हणून दावा फेटाळता येत नव्हता. पण बदललं हे दाखवायचं कसं, हा प्रश्न उरलाच.

शेवटी देशभरच्या मालकांच्या वतीने सामूहिक दावा उभा राहिला आणि लुईझियाना राज्यातल्या न्यायालयात २००७ मध्ये तडजोड झाली. पस्तीस लाखांच्या आसपास गाड्या तिच्या कक्षेत होत्या. टोयोटाने दोष मान्य केला नाही, नुकसान भरून द्यायचं मान्य केलं. दोष कोणाचा, याचा निवाडा कोर्टाने केलाच नाही, आणि म्हणून तो वाद आजही गाडीवेड्या लोकांत तितक्याच जोराने होतो.

कंपनीने पुढे जे केलं ते बोलकं आहे. २००४ च्या सुमारास साध्या वापरासाठीचं अंतर ७,५०० वरून ५,००० मैलांवर आणलं. २०१० च्या आसपास ०डब्ल्यू-२० सिंथेटिक ऑइल आलं आणि त्यावर चालणाऱ्या नव्या इंजिनांना १०,००० मैलांची मुभा मिळाली. तेव्हा 'ऑइल किती किलोमीटरला बदलावं' याला एक उत्तर नाही. इंजिन, ऑइलचा दर्जा आणि वापर, तिन्ही सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

माझा निष्कर्ष

मी हे प्रकरण असं वाचतो. प्रत्येक इंजिनाला चूक पोटात घालण्याची एक मर्यादा असते. कोणाला ऑइल दुप्पट अंतर चालवलं तरी फारसं काही होत नाही. कोणाला हजार-दीड हजार मैलांचा उशीरही भोवतो. १९९० च्या दशकातल्या टोयोटाच्या बहुतेक इंजिनांत ही मर्यादा फार ऐसपैस होती, आणि कंपनीचं नाव झालं ते त्यामुळेच. या दोन इंजिनांत ती आक्रसली होती. देखभाल चोख असली तर इंजिन दोन लाख मैल जाणार, हयगय झाली तर साठ-सत्तर हजारांवर बसणार. ज्यांनी पुस्तिका पाळूनही इंजिन गमावलं, त्यांचा वापर बहुधा पुस्तिकेच्या कल्पनेतल्या 'साध्या' वापरात बसत नव्हता.

दोष किती टक्के कंपनीचा आणि किती टक्के मालकाचा, हा हिशोब म्हणूनच मांडता येत नाही. दोन्हींचा गुणाकार होतो. मर्यादा मोठी असेल तर हयगय दिसत नाही, हयगय नसेल तर अरुंद मर्यादा दिसत नाही. इंजिन जातं ते दोन्ही एकत्र आल्यावर. पण जबाबदारी सारखी वाटावी असं मी म्हणणार नाही. मर्यादा किती आहे हे कंपनीला माहीत असतं किंवा असायला हवं. मालकाला ते कळायचा मार्ग एकच, कंपनीने छापलेला आकडा. तो आकडा ऐसपैस छापून मग अपयशाचं खापर मालकावर फोडणं मला न्याय्य वाटत नाही.

उलट बाजूचा पुरावाही टोयोटाच्याच घरातला आहे. २००७ ते २००९ च्या कॅमरीतलं २.४ लिटरचं २एझेड-एफई इंजिन काही वर्षांत ऑइल पिऊ लागलं. पिस्टन आणि रिंगांच्या रचनेमुळे ऑइल जळत होतं. मालकाने वेळेवर ऑइल बदललं तरी हे टळत नव्हतं. कंपनीने चाचणी ठरवली. १,२०० मैलांत एक क्वार्ट, म्हणजे जेमतेम लिटरभर, ऑइल कमी झालं तर नवे पिस्टन आणि रिंगा. संरक्षण दहा वर्षं किंवा दीड लाख मैल. इथे दोष निखळ रचनेचा. तरी मालकाचा वाटा संपला नव्हता. दर आठवड्याला डिपस्टिक बघून ऑइल भरत राहणाऱ्याचं इंजिन दुरुस्तीपर्यंत टिकलं. 'नुकतंच सर्व्हिसिंग झालंय' म्हणून जो निर्धास्त राहिला, त्याचं कोरडं चाललं.

सर्वेक्षणातले आकडे

कंपन्यांच्या भरवशाच्या याद्या दरवर्षी निघतात. त्या निरुपयोगी नाहीत, पण त्या काय मोजतात ते बघायला हवं. जे. डी. पॉवर या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीचा टिकाऊपणाचा अभ्यास तीन वर्षांच्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारतो आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते सांगतो. तीन वर्षांत ऑइलकडे दुर्लक्ष केल्याचं फळ बहुधा दिसतच नाही. दिसतात त्या टचस्क्रीनच्या आणि फोन न जोडला जाण्याच्या तक्रारी. गाळ होतो तो पाचव्या-सातव्या वर्षी, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. कन्झ्युमर रिपोर्ट्स हे तिथलं ग्राहकांसाठीचं नियतकालिक आपल्या सभासदांकडून जुन्या गाड्यांचीही माहिती घेतं, ते जास्त कामाचं. २००७ मध्ये त्यांनी टोयोटाच्या नव्या मॉडेलांची आपोआप शिफारस करणं थांबवलं होतं, कारण व्ही-६ कॅमरीसह काही मॉडेलं सरासरीच्या खाली गेली होती. कंपनीचं नाव बघून नव्हे, त्या मॉडेलचं आणि त्या इंजिनाचं रेकॉर्ड बघून घ्यावं, हे त्यांनी तेव्हा कृतीने सांगितलं.

शिवाय काही नावांकडे काळजी घेणारे ग्राहकच जास्त ओढले जातात. मग त्या गाड्या टिकतात यात गाडीचं श्रेय किती आणि ग्राहकाचं किती, हे यादीतून वेगळं काढता येत नाही.

आपल्या रस्त्यांवर

अमेरिकेतल्या पुस्तिकेत 'कठीण वापर' कशाला म्हटलं होतं? वारंवार पाच मैलांहून कमी अंतराच्या फेऱ्या, त्याही कडाक्याच्या थंडीत. बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं. टॅक्सीसारखं कमी वेगात लांब चालवणं. धुळीचे रस्ते. थंडी सोडली तर हे पुण्या-मुंबईच्या रोजच्या वाहतुकीचं वर्णन आहे. आपल्याकडे आज बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगितलेलं असतं. महामार्गावर ताशी साठच्या सरासरीने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिन १६७ तास चाललं. हिंजवडीच्या वाटेवर ताशी पंधराच्या सरासरीने तेच दहा हजार म्हणजे ६६७ तास. मीटरवर आकडा एकच, ऑइलने काम केलं चौपट.

दुसरं टोक म्हणजे कमी चालणाऱ्या गाड्या. आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये हा संवाद मी जवळून ऐकला आहे. निवृत्त गृहस्थ, सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, भाजीला आणि देवळात जाण्यापुरती बाहेर निघणारी. मेकॅनिकने विचारलं, "काका, ऑइल कधी बदललं होतं?" काका म्हणाले, "अरे, गाडी चाललीच कुठे? तीन वर्षांत सहा हजार झालेत फक्त." मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण काढून त्यांच्यासमोर उलटं धरलं. आतल्या बाजूला फिकट तपकिरी, फेसाळ लेप होता. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे वाफ बाहेर न जाता ऑइलमध्ये मिसळते. काकांची गाडी नामांकित कंपनीची होती आणि त्यांनी ती अगदी जपून चालवली होती. तारीख मात्र कोणी बघितली नव्हती, फक्त किलोमीटर बघितले होते. त्या मेकॅनिकने ऑइल-फिल्टर बदलून दिलं, आणि पुढचं ऑइल लवकर, दोन-अडीच हजारांनाच बदला म्हणाला. फ्लशिंगच्या नावाखाली पातळ रसायन ओतायचं त्याने टाळलं, तेही बरोबर केलं. साचलेला थर एकदम सुटला तर तोच जाऊन स्ट्रेनरवर बसण्याचा धोका असतो.

वॉरंटीच्या धास्तीने स्वतंत्र गॅरेजकडे जायला लोक घाबरतात. त्याबद्दल एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये असंही आयोगाने सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि काउंटरवर बसलेला माणूस आजही 'बाहेर केलंत तर वॉरंटी जाईल' म्हणतोच. पण त्याचं म्हणणं हा शेवटचा शब्द नाही.

जुनी गाडी घेताना कॅमरीच्या मालकांची पावत्यांपायी झालेली दमछाक उपयोगी पडते. गाडी विकणाऱ्याकडे नुसता 'फुल सर्व्हिस रेकॉर्ड आहे' हा शब्द घेऊ नये, बिलं बघावीत. प्रत्येक बिलावर तारीख, गाडीचा नंबर, त्या वेळचं मीटर आणि ऑइलचा ग्रेड आहे का ते पाहावं, आणि सलग दोन बिलांतलं अंतर महिन्यांतही मोजावं. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तेही बहुतेक वेळा इथेच पकडलं जातं. मग झाकण काढून टॉर्चने आत बघावं. दिसणारे धातूचे भाग मधाच्या रंगाचे असतील तर हरकत नाही, काळा थर असेल तर टॅपेट कव्हर उघडून दाखवायला सांगावं. विकणारा नाही म्हणाला, तर बोनेटवरचं चिन्ह कुठल्याही कंपनीचं असो, किमतीतून एक इंजिन बांधायचा खर्च वजा करून बोलावं किंवा दुसरी गाडी बघावी. आणि स्वतःच्या गाडीचं ऑइल कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बदललं, तरी याच चार गोष्टी लिहिलेलं पक्कं बिल मागून घ्यावं.